हरीण, घोडा आणि हजेरी

चायनीजमध्ये एक म्हण आहे, झी लू वेइ मा, म्हणजे हरणाकडे बोट दाखवून घोडा म्हणायचं. कुणी धडधडीत खोटं बोललं की लोक ही म्हण टाकतात, पण मला ते दरवेळी खटकतं, कारण मूळ किस्स्यात फसवाफसवी कुठेय? दरबाऱ्यांपैकी एकही जण फसला नव्हता!

साल इ.स.पू. २०७. त्याच्या तीन वर्षं आधी चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग दौऱ्यावर असताना मेला, तेव्हा झाओ गाओ नावाच्या दरबाऱ्याने पंतप्रधान ली स ला हाताशी धरून बातमी दाबली, उन्हाळ्यात प्रेताचा वास येऊ नये म्हणून ताफ्यात खारवलेल्या मासळीच्या गाड्या घातल्या (हो, तसं लिहूनच ठेवलंय), खोटं फर्मान काढून थोरल्या राजपुत्राला जीव द्यायला लावला आणि धाकट्या हूहायला गादीवर बसवलं. पुढे ली स चाही काटा काढून स्वतः त्या जागेवर बसला.

आता याला हवी होती गादीच. पण दरबारी ऐकतील का? सिमा च्यान या इतिहासकाराने साधारण शंभर वर्षांनी सरळ लिहिलंय की आधी परीक्षा घ्यावी म्हणून याने हरीण आणलं. म्हणाला, महाराज, हा घोडा. हूहाय हसला, पंतप्रधान चुकताय तुम्ही, हरणाला घोडा म्हणताय. मग आजूबाजूच्यांना विचारलं. काहींनी मूग गिळले, काहींनी होयबागिरी केली, घोडाच म्हणाले, आणि काही हरीण म्हणाले, त्यांना नंतर गुपचूप कायद्याच्या कचाट्यात अडकवलं. म्हणजे कायदेशीर हां सगळं! माझ्या मते ही हजेरी होती, कोण आपला आणि कोण नाही याची, आणि त्यासाठी गोष्ट जितकी उघड खोटी तितकी चांगली, कारण खरं बोलायला सांगितलं असतं तर कोण घाबरून हो म्हणतंय ते कळलंच नसतं ना.

सिमा च्यानच्याच पुस्तकात ली स च्या चरित्रात हाच प्रसंग वेगळा दिलाय आणि मला तो जास्त भयानक वाटतो. तिथे झाडून सगळे घोडा म्हणतात. आणि हूहायला वाटतं आपल्यालाच भ्रम झालाय, घाबरून तो ज्योतिष्याला बोलावतो, तो म्हणतो तुमच्या व्रतात शुद्धता राहिली नाही, आणि हे महाशय व्रत करायला राजवनात जाऊन बसतात (तिथेही रोज शिकारच करत होते ते सोडा). डोळ्यांसमोर हरीण उभंय आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतोय.

त्यानंतर लवकरच झाओ गाओने त्यालाही आत्महत्या करायला लावली. मग राजघराण्यातल्याच झ्यिंगला गादी दिली, हा आपल्या मुठीत राहील म्हणून, तर त्याने झाओ गाओलाच उडवलं. आणि ४६ दिवसांत त्या झ्यिंगलाही बंडखोर सेनानी लिऊ बांगपुढे शरण जावं लागलं, छिन घराणं खलास.