इंटरनेट नसलं तरी फाइल जाते
टॅबवरची फाइल कॉम्प्युटरवर कशी न्यायची, यावरच्या एका लेखात आधी ती गूगल ड्राइव्हवर (गूगलच्या इंटरनेटवरच्या साठ्यात) चढवा, असं म्हटलंय. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात हे जमत नाही जी. बोंडअळी लागलेल्या कपाशीचा व्हिडिओ चढता चढता रेंजच जाते. अन् या खोलीतून त्या खोलीत जायला फाइलीनं दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत का यावं?

लोकलसेंड हे फाइल पाठवायचं अ‍ॅप वापरून पाहा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, अँड्रॉइड, आयपॅड, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालतं. दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर असली की झालं, इंटरनेट लागतच नाही. लाइन गेली, राउटर बंद पडला, तर मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून टॅब अन् लॅपटॉप त्याला जोडा. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी फाइल जाते, पॅकमधलं काहीच खर्च होत नाही. ब्लूटूथपेक्षा तर कितीतरी वेगानं.

कॉम्प्युटर टॅबला दिसतच नसेल तर बहुतेक वेळा विंडोजनं ते नेटवर्क ‘पब्लिक’ (म्हणजे सार्वजनिक, अनोळखी) धरून कॉम्प्युटर लपवलेला असतो. घरचं वाय-फाय असेल तर सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करा, अन् फायरवॉलनं (बाहेरून येणारं अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यानं) विचारलं की परवानगी द्या. लेखकांनी हे लेखात जरूर जोडावं, खेड्यातल्या शिकणाऱ्या पोरांना फार कामाचं आहे.