बटरफ्लाय वीड म्हणजे मेथी नव्हे

‘मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावा’ हा शिकागोकडच्या मराठी ग्रुपांवर फिरणारा मेसेज अखेर मावशीपर्यंत पोचला, आणि तिने बियांवर कढत पाणी ओतलं. आता गप्प बसणं कठीण आहे. मेसेजमधला एकेक सल्ला तपासू.

‘बिया रात्रभर गरम पाण्यात भिजवा, मेमध्ये पेरा, चार दिवसांत कोंब.’ बटरफ्लाय वीड (अस्क्लेपियस ट्यूबरोसा) म्हणजे प्रेअरीवरचं नारिंगी फुलांचं मिल्कवीड, आणि त्याच्या बियांना हिवाळा लागतो. शरदात शेंग उकलते, म्हातारी उडते आणि बी गार, ओल्या मातीत महिनोन्‌महिने पडून राहते. ती थंडी मिळाली नाही तर बऱ्याच बिया उगवतच नाहीत. घरी करायचं तर म्हातारीचा कापूस काढा, बिया ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरा आणि फ्रिजमध्ये साधारण 4 अंश सेल्सियसवर किमान 30 दिवस ठेवा. वाळू मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर बुरशी ठरलेली. मग 5-6 मिलिमीटर खोल पेरून उबेत ठेवा आणि दोन-तीन आठवडे धीर धरा. एवढा खटाटोप नको असेल तर नोव्हेंबरमध्ये थेट वाफ्यात पेरा, थंडीचं काम इलिनॉय चोख करतं.

‘भारतातून हळदीकुंकवाच्या बिया आणा, तेच हे झाड.’ साफ चूक, आणि सगळ्यात घातक. हळदीकुंकू म्हणजे अस्क्लेपियस कुरासाविका. बटरफ्लाय वीडचं हे भाऊबंद मूळचं उष्णकटिबंधातल्या अमेरिकेतलं, आपल्याकडेच ते पाहुणं. शिवाय फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय (म्हणजे कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय) लावायच्या बिया बॅगेतून अमेरिकेत नेणं सहसा बेकायदा. शिकागोत ते हिवाळ्यात मरतं, म्हणून तिथे फारसं बिघडत नाही, एवढं मान्य. पण मेसेज ह्यूस्टनच्या नातेवाइकांनाही जातो ना! तिथे ते हिवाळ्यातही हिरवं राहतं. काही मोनार्क मग हिवाळ्यासाठी मेक्सिकोला न जाता तिथेच अंडी घालत राहतात आणि ‘ओई’ या परजीवीचे बीजाणू त्याच त्या पानांवर साचत जातात. ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’मधला 2015चा अभ्यास पाहा: हिवाळ्यात दक्षिणेतच प्रजनन करणाऱ्या मोनार्कांत ही लागण स्थलांतर करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळली.

‘मोठं झाड उकरून हलवा, शेणखत घाला, रोज पाणी द्या.’ बटरफ्लाय वीडचं मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं, ते तुटलं की झाड सहसा गेलंच. खोल कुंडीतलं लहान रोप उन्हात लावा. खत नको, पाणी पहिल्या उन्हाळ्यापुरतं. चिकणमातीत हिवाळ्यात पाणी साचलं तर मूळ कुजतं.

‘पहिल्या वर्षी फूल नाही आलं तर उपटा.’ फूल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. वसंतातही हे उशिरा, कधी कधी मेमध्ये, वर येतं. जागेवर काडी रोवून ठेवा, नाहीतर मेलं समजून खुरपं घालाल.

‘पिवळ्या माव्यावर कडुनिंबाचं तेल फवारा.’ म्हणजे माव्याबरोबर मोनार्कच्या अळ्याही मारा. अंडी-अळ्या नाहीत ना ते बघून नुसत्या पाण्याचा झोत मारा.

‘चीक विषारी असतो.’ हे अर्धं खरं. इतर मिल्कवीडांचा दुधी चीक डोळ्यांत गेला तर चांगलाच त्रास होतो. बटरफ्लाय वीडला पांढरा चीक नसतो, पण झाड विषारी आहेच. छाटणीनंतर हात धुवा.