वायफाय आहे, शिकवणार कोण?

‘आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, मग ग्रंथालयात संगणक कशाला?’ असं विचारणाऱ्याने एकदा नोकरीचा लांबलचक अर्ज मोबाइलवर भरून पाहावा. फोटो ठरावीक केबीच्या आत हवा, प्रमाणपत्राची पीडीएफ हवी, आणि ओटीपी बघायला जरा बाहेर पडलं की अर्ज पुन्हा पहिल्या पानावर. त्यात घरात फोन एकच असेल तर बोलायलाच नको.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ साली केलेल्या अंदाजानुसार जगातले सुमारे २६० कोटी लोक तेव्हा इंटरनेट वापरत नव्हते. यातले बहुतेक लोक राहतात तिथे मोबाइलचं नेटवर्क पोचलेलं आहे. अडतं ते उपकरणाच्या किमतीवर, डेटाच्या खर्चावर आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ या भीतीवर. नुसते टॉवर उभारून ही भीती जात नाही.

ग्रंथालयांना हे फार आधी कळलं होतं. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या १९९४च्या जाहीरनाम्यात संगणक साक्षरतेला हातभार लावणं हे ग्रंथालयाचं काम म्हणून नोंदवलेलं आहे. अमेरिकेत १९९६च्या दूरसंचार कायद्याने शाळांसोबत ग्रंथालयांनाही सवलतीत इंटरनेट मिळायची सोय झाली. २०२०च्या टाळेबंदीत तिथल्या कित्येक ग्रंथालयांनी दारं बंद केली, पण वायफाय चालू ठेवलं. लोक आवारात गाड्या लावून, गाडीतच बसून अभ्यास आणि कामं करत होते.

पण माझ्या मते खरी किंमत वायफायची नाही, टेबलामागे बसलेल्या माणसाची आहे. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं. (इंटरनेटच्या जगात असा माणूस दुर्मीळच.) आणि नेमकी त्याचीच कोंडी होते. एखाद्या आजी फोन पुढे करून म्हणतात, ‘पासवर्ड तूच टाक ना.’ टाकला तर त्यांच्या खात्याची जोखीम याच्या गळ्यात. नाही टाकला तर आजी हात हलवत परत. मागे रांग, संगणकावर प्रत्येकाला मोजून वेळ.

अशा वेळी मला एकच नियम पटतो: शिकवणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. बटण आजीच दाबतील, चुकतील, पुन्हा दाबतील. उठताना लॉगआउटही त्याच करतील, कारण सार्वजनिक संगणकावर खातं उघडं राहिलं तर पुढच्याला सगळं दिसतं. याला वेळ लागतो. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं आणि तो अर्धा तास कुठल्याही वार्षिक अहवालात दिसत नाही. तिथे पुस्तकांची देवघेव मोजतात, फार तर संगणकांची संख्या.

सरकारी कचेऱ्यांनी सेवा ऑनलाइन नेल्या, खिडक्या कमी केल्या, तिथल्या माणसांचा पगार वाचवला. ते काम संपलं नाही. मुकाट्याने ग्रंथपालाच्या टेबलावर आलं, पगार आणि प्रशिक्षण मात्र आलं नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या खात्याचे अर्ज भरायला लोक ग्रंथालयात येतात, त्या खात्याने तिथल्या एका प्रशिक्षित माणसाचा पगार आपल्या अंदाजपत्रकातून द्यावा. नवे संगणक पुढच्या वर्षी आले तरी चालतील.