मिरचीच्या टोळ्यांत फिरणाऱ्या ‘सुई घेऊ नका’ मेसेजला उत्तर

संक्रांतीच्या आसपास चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला निघतात आणि त्यांच्या मोबाइलमध्ये एक जुनाच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मावशीच्या टोळीच्या ग्रुपवर आला. तिनं ‘खरं हाये का हे?’ असं विचारलं, म्हणून हे लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: कोरोनाची लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, असं नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं सांगितलंय. जवान पोरं उभ्या उभ्या पडतात ती त्या लशीमुळंच. कंपनीनं कोर्टात कबूल केलंय. ती सुई नसबंदीची होती. म्हणून परराज्यात सिस्टर आली तर लेकरं लपवा, कोणतीच सुई टोचू देऊ नका.

शास्त्रज्ञापासून सुरू करू. हे ल्यूक माँतान्ये, २००८ चे नोबेल विजेते. त्यांनी एका मुलाखतीत कोरोना लसीकरणावर टीका केली होती, हे खरं. पण दोन वर्षांत सगळे मरतील, हे वाक्य त्यांच्या त्या मुलाखतीत नाहीच. मे २०२१ मध्ये कुणीतरी ते त्यांच्या नावावर चिकटवलं आणि सरकारनं तेव्हाच ते खोटं असल्याचं जाहीर केलं. बरं, तेही सोडा. देशात २२० कोटींहून जास्त डोस दिले गेले, त्यातले बहुतेक २०२१ आणि २०२२ मध्ये. मेसेजचा हिशेब धरला तर २०२४ संपेपर्यंत गावंच्या गावं ओस पडायला हवी होती. मग यंदा मिरची तोडायला गाडी भरून माणसं कुठून निघाली?

जवान पोरांच्या अचानक मरणाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अशी मरणं झाली आहेत, घरं उद्ध्वस्त झाली आहेत. म्हणूनच आयसीएमआरनं, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं, याचा अभ्यास केला. १८ ते ४५ वयाचे, आधी धडधाकट असलेले आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात कारण न कळता अचानक गेलेले ७२९ लोक त्यांनी घेतले. त्यांच्याशी वय, लिंग आणि परिसर जुळणारे २,९१६ जिवंत लोक घेऊन दोन्हींची तुलना केली. देशभरातली ४७ रुग्णालयं यात होती. दोन डोस घेतलेल्यांत अशा मरणाची शक्यता लस न घेतलेल्यांपेक्षा जवळपास निम्मी निघाली. शक्यता वाढलेली दिसली ती कोरोनानं दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्यांत, घराण्यात असं मरण आधी झालेल्यांत, मरणाच्या आधीच्या ४८ तासांत भरपूर दारू प्यालेल्यांत, नशा करणाऱ्यांत आणि अंगावर झेपणार नाही एवढं कष्टाचं काम केलेल्यांत. टोळीवर रात्री बाटली आणि पहाटे पोती उचलणं, हा धोका कुणी ग्रुपवर टाकत नाही.

कोर्टाची गोष्ट अर्धी खरी आहे. ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात २०२४ मध्ये मान्य केलं की त्यांच्या लशीमुळं फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. आपल्याकडची कोविशील्ड तीच लस. पण हे काही लपवून ठेवलेलं गुपित नव्हतं. युरोपच्या औषध संस्थेनं ते एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं आणि भारत सरकारनं मे २०२१ मध्ये आकडाही दिला होता: दहा लाख डोसमागे ०.६१. आपल्याकडं नोंदी किती धड होतात ते माहीत असल्यानं हा आकडा कमीच असेल, असं धरून चाला. तरी हा त्रास साधारण डोसनंतरच्या सहा आठवड्यांत होतो. डोस घेऊन वर्षं उलटलेल्या माणसाला त्याची भीती घालणं हा निव्वळ खोडसाळपणा आहे.

नसबंदीवर काय बोलणार? नसबंदी म्हणजे नळी कापून बांधणं. दंडात अर्धा मिली टोचून ती होत नाही. शंका असेल तर आपल्या अंगणवाडीताईला २०२२ आणि २०२३ ची गरोदर मातांची यादी दाखवायला सांगा.

आता लोक असल्या मेसेजवर विश्वास का ठेवतात, हेही बोललं पाहिजे, कारण सगळा दोष त्यांच्या अडाणीपणावर ढकलणं सोयीचं आहे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच मिरचीवाले मजूर तेलंगणातून पायी आले, तर गावाच्या वेशीवर अडवून शाळेत कोंडले गेले. औरंगाबाद जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. धाकानं दिलेल्या सुईवर माणूस संशय घेणारच. मात्र तो संशय लेकरांच्या जिवावर काढायचा नसतो.

आणि मेसेजचं शेवटचं वाक्य नेमकं तेच करतं. कोरोनाच्या लशीची भीती दाखवून गोवराची, घटसर्पाची, धनुर्वाताची लस बंद पाडणं. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, मुलं दगावली. महामारीत चुकलेले डोस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

मिरचीचा हंगाम नेमका लसीच्या वेळापत्रकावर बसतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची पेंटा (घटसर्प, धनुर्वातासह पाच रोगांवरची एकच लस) अनुक्रमे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या मध्यात येते. म्हणजे तिन्ही डोस टोळीवर. मे महिन्यात जन्मलेल्याचा गोवर-रुबेलाच्या लशीचा नववा महिना फेब्रुवारीत भरतो, तोही तिकडंच. तिथं लेकरू लपवलं तर गावी परतेपर्यंत ते लशीविनाच राहतं, आणि टोळीच्या पालात दहा घरांची लेकरं एकत्र झोपतात.

डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. जिथं थांबलं तिथून पुढं, पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे सोडून. लस कोणत्याही राज्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. माता-बाल कार्ड सोबत न्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण पालात कार्ड भिजतं. तिकडच्या सिस्टरला आपल्याच कार्डावर लशीचं नाव आणि तारीख लिहायला सांगा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, मुकादमाचा नको. कोरोनात मुकादमाच्या नंबरावर नोंद झालेल्यांचा दुसरा डोस गावात नव्या नंबरावर पुन्हा ‘पहिला’ म्हणून चढायचा, आणि मग ‘बाहेरची लस खोटी’ अशी बोंब उठायची.

संशय असेल तर लपू नका, तपासा. बाटलीवर गोलात एक चौकोन असतो. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेनं बिघडलेली नाही. दोन्ही सारखे किंवा चौकोन जास्त गडद असेल तर ती उष्णतेनं खराब झालेली, नको म्हणा. गोवर-रुबेलाची लस पूड असते, तिच्यासोबत आलेलं पाणी घालून ती तयार करतात. तयार केल्यावर चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची, कारण तिच्यात जंतू वाढू लागतात. बाटली कधी फोडली, ती वेळ त्यावर लिहिलेली असते. विचारा. सुई आपल्या डोळ्यांसमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा.

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो. गोवर-रुबेलाचा ताप आठवडाभरानंतर, कधी बारीक पुरळासह येतो, म्हणून लोक तो उन्हाचा समजतात. सुजलेल्या जागी हळद, चुना, शेक काही लावायचं नाही. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. खरी गफलत होते ती बाटलीत. ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं औषध पाच किलोच्या बाळाला अडीच मिली पुरतं. २५० वालं आणून तेवढंच पाजलं तर मात्रा दुप्पट होते. झाकण उघडण्याआधी लेबलावरचा आकडा टोळीतल्या वाचता येणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. तीन दिवसांवर ताप राहिला, झटका आला किंवा बाळ दूध ओढेना, तर १०८ ला फोन करा. हा नंबर तेलंगणातही चालतो.