रात्रपाळीला माणूस कोण?

सांगली-मिरजेत वृद्धाश्रमांना प्रशिक्षित माणसं मिळत नाहीत, असं तुमच्या वृद्धाश्रमांवरच्या लेखात म्हटलंय. पटलं नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, नर्सिंग शिकलेल्या मुली दरवर्षी बाहेर पडतात. पगार तुटपुंजा आणि पाळी बारा तासांची म्हटल्यावर त्या वृद्धाश्रमात कशाला येतील? माझी आत्या अशा एका ठिकाणी होती (नाव नको). दिवसा सगळं झकास, नातेवाईक येतात ना! रात्री मात्र दोन मजल्यांना मिळून एकच मावशी. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, एकटी बाई किती जणांना वळवणार? आत्याच्या माकडहाडाशी जखम झाली, ती आम्हाला वासावरून कळली. मावशींना बोल लावत नाही. खाली चादर घालून माणूस सरकवायचा, एवढंही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं; काखेत हात घालून ओढायच्या.

आणि लेखातली सुरक्षितता म्हणजे फक्त सीसीटीव्ही न् आग विझवायचं नळकांडं? अहो, पूर विसरलात? 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोका पातळी 45. लिफ्ट नाही म्हणून अंथरुणाला खिळलेले नेमके तळमजल्यावर. पाणी 40 फुटांवर आलं की कुणाला कोणत्या गाडीतून हलवायचं, औषधांची पिशवी कुणी घ्यायची, हे आधी ठरलेलं हवं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. रात्री किती माणसं हवीत ते मात्र मूळ कायद्यात नाही. पुढच्या लेखात तेवढं विचारा की अधिकाऱ्यांना.