नळदुर्ग-रामलिंग सहलीला १ स्टार देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्रीच वाचला. उत्तर आज बुधवारी देतोय, कारण त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर एखादा शब्द वाकडा गेला असता. आधी माफी मागतो. पाच माणसांचे पैसे भरून तुमचा रविवार मनासारखा गेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या तीन तक्रारी आहेत. नळदुर्गचा नर-मादी धबधबा कोरडा निघाला, म्हणजे फोटो दाखवून फसवलं. जेवण कमी पडलं. आणि आम्ही तुळजापुरात ‘अडीच तास फुकट घालवले’ आणि रामलिंगचं जंगल ४० मिनिटांत उरकलं.

धबधब्याचं मान्य आहे. जाहिरातीतला फोटो मीच काढलेला, पण दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधला. खाली तारीख टाकायला हवी होती. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी आलं तरच किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून त्या दोन धारा पडतात, नाहीतर दोन्ही कोरड्या. मी गुरुवारी चौकशी केली होती, शनिवारी पुन्हा फोन करायचा राहिला. चूक माझी. यापुढे फोटोवर तारीख असेल.

पण ‘नुसती दगडं, बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मनाला लागलं. हा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पाणी धो धो पडत असताना माणूस आत कोरडा उभा राहतो, असं ते बांधकाम. सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर हे आहे आणि निम्म्या सोलापूरला माहीत नाही. तुमच्या मिस्टरांनी त्याच महालाच्या खिडकीत बसून अर्धा तास फोटो काढले. तेव्हा मी घड्याळ दाखवलं नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. माणशी दोन कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं, दही आणि एक शेंगापोळी, असं मोजून बांधून घेतलं होतं. शेंगापोळ्यांची पिशवी रामलिंगच्या पायऱ्यांवर माकडानं पळवली. माकडांसमोर खायचं काही काढू नका, असं गाडीतून उतरतानाच सांगितलं होतं. चिरंजीवांनी व्हिडिओसाठी वेफर्सचा पुडा पुढे धरला आणि मग सगळी टोळीच खाली आली. लहान आहे, त्याला काय बोलणार? पण पोळ्या १३ जणांच्या गेल्या.

आता तुळजापूर. हे सविस्तर लिहितो, कारण तीन दिवस डोक्यात तेच घोळतंय.

आपल्या सहलीच्या कागदावर तुळजापूर नाही, काढून बघा. सोलापूरच्या सात रस्त्याहून सकाळी ६ ला निघायचं, नळदुर्ग, तिथून थेट येडशी-रामलिंग, संध्याकाळी साडेसातपर्यंत परत. मी प्रत्येक फेरीची वेळ गाडीतल्या वहीत लिहितो, डिझेलच्या हिशोबासाठी. त्या रविवारच्या पानावर असं आहे: गाडी लागली ५.४०. तुमचं कुटुंब आलं ७.१०. बाकीचे ८ जण चहाच्या गाड्यावर उभे होते. मी काही बोललो नाही, घरात म्हातारं माणूस असलं की उशीर होतोच.

नळदुर्ग सोडल्यावर तुम्हीच म्हणालात, “दादा, वाटेवरच आहे, सासूबाईंना नुसतं कळसाचं दर्शन घेऊ द्या, दहा मिनिटं.” मी बाकीच्यांना विचारलं. देवीच्या दर्शनाला नाही कोण म्हणणार, सगळे हो म्हणाले. सव्वाबाराला महाद्वाराजवळ गाडी थांबवली. कळसाचं दर्शन बाहेरूनही होतं. तुम्ही पाचही जण धर्मदर्शनाच्या रांगेत जाऊन उभे राहिलात, तेही रविवारी. मी चार फोन केले, एकही लागला नाही. पावणेतीनला तुम्ही प्रसाद, कुंकू आणि बांगड्या घेऊन आलात. सासूबाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला, तो मी घेतला, माझंही ते कुलदैवत आहे. पण रात्री वाचतो तर अडीच तास ‘आयोजकांनी’ घालवलेले!

रामलिंगला पोचलो ३.५०. जेवण होईपर्यंत ४.२५. ५.०५ ला मी शिट्टी वाजवली, कारण पुढच्या सीटवरच्या काकांना रात्रीची रेल्वे पकडायची होती आणि साडेसातची वेळ मी सगळ्यांना लिहून दिली होती. तुमचा उशीर त्यांनी का भरायचा? त्या ४० मिनिटांचं तुमच्याइतकंच मलाही वाईट वाटतं. उरलेलं वर्ष उघडंबोडकं दिसणारं हे बालाघाटातलं पानझडी जंगल पावसाळ्यातच असं दाट होतं. १९९७ पासून ते अभयारण्य आहे. देवळामागचा धबधबा त्या दिवशी चालू होता, ताई. नळदुर्गला पाणी नव्हतं, इथे होतं. तुम्ही तेव्हा पिशवी गेली म्हणून माझ्या भावाशी वाद घालत होता. तो गाडी चालवतो, बोलायला जरा तुटक आहे, त्याला समज दिली आहे.

‘लुटारू’ हा शब्द तेवढा काढलात तर उपकार होतील. माणशी ९५० रुपयांत डिझेल, टोल, नाश्ता, जेवण आणि गाडीचा हप्ता बसवतो. नळदुर्ग-रामलिंगचा धंदा पावसाळ्यातल्या मोजक्या रविवारांचा, नंतर गाडी लग्नाच्या वऱ्हाडावर. तुमचा अभिप्राय वाचून पुढच्या रविवारची दोन कुटुंबं कमी झाली. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, मी मागत नाही.

वाटेत देवदर्शनाचं काय करायचं, ते आता आधीच ठरवून घेऊ, काहीतरी नियम लावावा लागेल. सप्टेंबर संपायच्या आत परत आलात तर रामलिंगला पूर्ण वेळ देतो, तुमच्या पाचही जणांचे निम्मेच पैसे घेईन. फक्त ६ म्हणजे ६.

आणि चिरंजीवांची निळी पाण्याची बाटली मागच्या सीटखाली सापडली. धुऊन ठेवली आहे, सात रस्त्याला कधीही येऊन घेऊन जा.