फोर बाय फोर आहे, मग वेगळे टायर कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पिकअपच्या हिवाळी टायर-रिमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच सुनावलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी फोर बाय फोर आहे, टायरवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं आहे, तरी वर चार टायर आणि चार रिम घ्या म्हणणं हा पैसेवाल्यांचा सल्ला झाला. फार तर मागे दोन हिवाळी टायर टाकावेत. वीस इंची रिम उतरवून सतरा इंची लावणं म्हणजे चांगल्या गाडीचं रूप घालवणं. आणि जाता जाता तुम्ही म्हणालात की वजनाचा विषय मी गाळलाच.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. कारच्या धर्तीचे, ‘पी’ मापाचे टायर चालतील असं मी सरसकट लिहून टाकलं. हौदा बहुतेक वेळ रिकामा असलेल्या हलक्या पिकअपला ते चालतातही. पण ‘पी’ टायर पिकअपला लावला की त्याची वहनक्षमता १.१० ने भागून धरायची असते. लोड इंडेक्स ११५ म्हणजे एका टायरवर १,२१५ किलो. भागल्यावर उरले जेमतेम १,१०५. मागचे दोन मिळून २,२०९. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मागच्या ॲक्सलची मर्यादा लिहिलेली असते, ती या आकड्यात बसायला हवी. ट्रेलर ओढत असाल किंवा गाडी वरच्या वजनगटातली असेल तर ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचे) टायरच घ्या. मात्र भीतीपोटी उगाच लोड रेंज ‘ई’ (खूप जास्त वजन पेलणारा टायर) घेऊ नका. तो जड, महाग आणि कडक असतो. रिकामी गाडी त्यावर उड्या मारत जाते. लेखात ही दुरुस्ती करतोय.

आता फोर बाय फोर. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो हे खरं, म्हणून चढावर सुटताना मजा येते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच! थांबताना फोर बाय फोरचा काडीचा उपयोग नाही. तिथे कामाला येतं ते फक्त रबर. ऑल सीझन, म्हणजे बारमाही टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. थंडीच्या सकाळी दोन्हींच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर नख दाबून बघा. एकावर खूण उमटते, दुसऱ्यावर नख घसरतं. वर पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना हलका, त्यामुळे बर्फावर शेपूट आधी फिरते.

‘एम प्लस एस’ या अक्षरांवर फार विसंबू नका. ती नक्षीच्या खाचांबद्दल बोलतात, आणि ती छापायला बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या प्रमाण-टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड देऊन पास झालेला असतो. जर्मनीने तर ३० सप्टेंबर २०२४ नंतर नुसत्या ‘एम प्लस एस’ला हिवाळी टायर मानणंच बंद केलं. अर्थात निसरड्या काचबर्फावर ब्रेक कसा लागेल, हे त्या चिन्हातूनही कळत नाही. तुमच्या ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरवर हे चिन्ह असेल, खाचा खोल असतील आणि काचबर्फाशी क्वचित गाठ पडत असेल, तर यंदा खुशाल तेच चालवा. मी भांडणार नाही.

मागे दोनच टायर मात्र नको. मागचे पकडतात, पुढचे सरळ घसरत जातात, आणि स्टिअरिंग फिरवतं कोण? पुढचेच. शिवाय दोन वेगळ्या जातीच्या, वेगळ्या झिजेच्या टायरांचा घेर सारखा नसला की फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. दोन टायर वाचवून ती दुरुस्ती ओढवून घ्यायची?

रिमचं गणित असं आहे. एकाच रिमवर दर मोसमाला टायर उतरवा-चढवायचे तर वर्षाला दोनदा मजुरी, आणि दर वेळी टायरची कड दुखावण्याची भीती. तीन-चार हिवाळे गाडी ठेवणार असाल तर स्टीलच्या रिम बहुधा आपला खर्च भरून काढतात. पुढच्या वर्षी गाडी विकणार असाल तर रिमवर पैसे घालू नका, हे मी लेखात लिहायला हवं होतं. दुसरे चार टायर म्हणजे दुप्पट खर्चही नव्हे. हे फिरताना ते विश्रांती घेतात, म्हणून दोन्ही संच जास्त वर्षं पुरतात.

आणि रूप! वीस इंची रिमच्या २७५/५५ आर २० टायरचा व्यास भरतो ८१०.५ मिलिमीटर, सतरा इंचीच्या २६५/७० आर १७ चा ८०२.८. फरक एक टक्क्याच्याही आत, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. लहान मापाचा टायर सहसा स्वस्त मिळतो, टायरची बाजूची भिंत उंच असल्याने बर्फाखालच्या खड्ड्यात रिम वाचते, आणि थोडा अरुंद टायर चिखलबर्फ कापत जातो.

पण रिम बसते की नाही, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझीच फजिती सांगतो. जुन्या स्टीलच्या चार सतरा इंची रिम स्वस्तात मिळाल्या. भोकं जुळली, नट बसले, मी खूश. जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवलं तर आतून ‘खर्र’. रिम ब्रेक कॅलिपरला (ब्रेकची डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला) घासत होती. सावकाश खाली उतरवली आणि चारही रिम परत द्यायला निघालो. तेव्हापासून कॅलिपरवर मऊ मातीची गोळी चिकटवतो, चाक लावून एक फेरा फिरवतो आणि माती किती दबली ते बघतो. सहा भोकं दिसली म्हणूनही हुरळू नका; फोर्ड एफ-१५० ची सहा भोकं १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, टोयोटाच्या पिकअपची १३९.७ वर. नटही बघा. काही अलॉय रिमचे नट सपाट वॉशरचे असतात, स्टीलच्या रिमला निमुळते लागतात.

काटकसर करायची तर इथे करा: मोसम उलटल्यावर टायर घ्या. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ‘३५२१’ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. वापरलेले घेताना ५ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असेल तर ते बर्फासाठी गोटाच समजा. नियम आड येत नसेल तर हवेच्या दाबाचे सेन्सर वगळा; दिवा जळत राहील, म्हणून गेज जवळ ठेवा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय हवा कमी दाखवते. आणि चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्ह्याने) तपासा. हे काम फुकट आहे, म्हणूनच बहुतेक जण विसरतात.

तुमच्या दाराच्या खांबावरचे आकडे आणि आत्ताच्या टायरचं पूर्ण माप इथेच खाली टाका. ट्रेलर ओढता का तेही लिहा. मग ‘पी’ की ‘एलटी’, ते नेमकं ठरवू.